तीन बिल्ले, एकच हात

पुरवणी जबाब. शुक्रवार, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटे.

मी, वय ५३ वर्षे, व्यवसाय प्राथमिक शाळेत शिक्षिका, नोकरीची सव्वीस वर्षे पूर्ण, सध्या मुक्काम जेट्टीसमोरील लॉज, वरचा मजला, खोली क्रमांक चार, समक्ष ठाण्यात येऊन विचारल्यावरून सांगते ते असे.

माझे, माझ्या पतींचे व माझ्या धाकट्या भावाचे पूर्ण नाव आणि कायमचा पत्ता काल दुपारी याच टेबलावर दिलेल्या तक्रारीत आला आहे. तो बरोबर आहे. त्या तक्रारीतले तेवढेच बरोबर आहे. बाकीच्यासाठी मी आज आले.

मला कोणी बोलावलेले नाही. पती व भाऊ बाहेरच्या बाकावर बसले आहेत, तेही मी बोलावल्यामुळे नाही. मी निघाले तेव्हा दोघे माझ्यामागोमाग आले. वाटेत भावाने मला एक कागद दिला. माझा जबाब त्याने पहाटेच उठून सुवाच्य अक्षरात लिहून ठेवला होता आणि सहीच्या जागी पेन्सिलीने फुली केली होती. तो कागद मी सोबत हजर करते. तो माझा जबाब नाही.

आम्ही तिघे सोमवारी दुपारच्या बोटीने या बेटावर पाच दिवसांसाठी आलो. सहल भावाने ठरवली. माझे पती व भाऊ एकाच कचेरीत, एकाच खोलीत, शेजारच्या टेबलांवर काम करतात. भावाचे लग्न झालेले नाही, त्यामुळे त्याची सगळी व्यवस्थितपणाची हौस आमच्या वाट्याला येते. त्याने छापून आणलेल्या कागदावर पुढीलप्रमाणे होते: सोमवार, आगमन व समुद्रदर्शन. मंगळवार, सर्फिंग. बुधवार, स्थानिक संस्कृती. गुरुवार, डायव्हिंग. शुक्रवार, विश्रांती. आज शुक्रवार आहे.

मंगळवारी सकाळी साडेआठ वाजता सर्फिंग झाले. शिकवणाऱ्या बाई पंचविशीतल्या आहेत. त्यांनी माझ्या पतींना तासभर कोरड्या वाळूवर फळी ठेवून पालथे झोपवले व उठून उभे राहायला शिकवले. वाळूवर ते उभे राहिले. पाण्यात राहिले नाहीत. भाऊ पूर्ण वेळ छत्रीखाली होता. मी चपला काढल्या नव्हत्या. शिकवणीची एक वही असते, पाण्यात उतरताना ज्याने त्याने आपले नाव लिहायचे. संध्याकाळी आम्हाला तीन प्रमाणपत्रे मिळाली. मला सर्फिंगचे प्राथमिक कौशल्य प्राप्त आहे असे त्यांपैकी एकावर लिहिले आहे. मी भावाला विचारले तेव्हा तो म्हणाला, “ताई, मी वहीत तिघांचीही नावं टाकून दिली. एकदा रांगेत उभं राहिलो तर तिघांचं होऊन जातं.”

याचा घटनेशी काय संबंध, असे ठाणे अंमलदारांनी विचारल्यावरून सांगते की, आहे.

त्याच दिवशी माझ्या पतींनी खोलीची किल्ली समुद्रात पाडली. त्यांचे म्हणणे असे की ती मी त्यांच्याकडे द्यायलाच नको होती. किल्लीचा विषय येथे नको, असे अंमलदार सांगतात. मी तो पुढे आणणार आहे, म्हणून तो लिहून घ्यावा. लॉजमालकांनी त्यांच्याजवळची दुसरी किल्ली आम्हाला देण्यास नकार दिला व यापुढे प्रत्येक वेळी त्यांच्याकडून मागून न्यावी, वेळ लिहून वहीत सही करावी, असे सांगितले. तेव्हापासून माझ्या सहलीतला बराचसा वेळ जिन्यावर गेला.

बुधवारी स्थानिक संस्कृती होती. येथील संग्रहालय दीड खोलीचे आहे. सांभाळणाऱ्या आजी आहेत. माझे पती बाहेर पायरीवर बसून बुटातली वाळू काढत होते. भाऊ दारातल्या टेबलाशी अभिप्रायाची वही भरत होता. त्याने तिघांचे तीन अभिप्राय लिहिले, तीन निरनिराळ्या अक्षरांत. माझा अभिप्राय “भारावून गेले” असा आहे. त्या वेळी मी अजून आत पाऊल टाकले नव्हते.

आत एक जुनी लाकडी पाटी आहे. तिच्यावर खिळ्यांना लाकडी बिल्ले टांगलेले आहेत. प्रत्येक बिल्ल्याची एक बाजू पांढरी, एक तांबडी. आजींनी सांगितले की इथल्या प्रत्येक बोटीवर अशी पाटी असते. पाण्यात उतरताना ज्याने त्याने आपला बिल्ला तांबडा करायचा, वर आल्यावर आपल्याच हाताने पांढरा. नवऱ्याचा बायकोने फिरवायचा नाही, बापाचा लेकाने फिरवायचा नाही. पाटीवरचे सगळे बिल्ले पांढरे होते, एक तांबडा होता. तो कुणाचा, हे मी विचारले नाही. आजींनीही सांगितले नाही. त्यांनी पदराने बाकीचे बिल्ले पुसले, तो पुसला नाही.

हे आमच्या तिघांपैकी फक्त मी ऐकले. हा मुद्दा ठळक लिहावा.

गुरुवारी, म्हणजे काल, सकाळी नऊ वाजता आम्ही जेट्टीवरून निघालो. बोट चालवणाऱ्या बाईंना येथे सगळे कप्तानबाई म्हणतात. बोटीवर आम्ही तिघे व दुसरे पाच पाहुणे असे आठ जण, कप्तानबाई आणि पाण्याखाली नेणारा पाणबुड्या. बिल्ले कसे फिरवायचे ते कप्तानबाईंनी निघण्यापूर्वी सांगितले व पहिल्या ठिकाणी पुन्हा सांगितले. माझा भाऊ दोन्ही वेळा मान हलवत होता. तो कचेरीतही परिपत्रक वाचताना अशीच मान हलवतो.

पहिल्या ठिकाणी डायव्हिंग झाले. पाणबुड्याने एकेकाला हात धरून खाली नेले व हात धरून वर आणले. ते उत्तम झाले. माझे पती वर आल्यावर म्हणाले, “एवढा मोठा मासा, पण आपल्याकडे ढुंकून बघत नाही.” मी त्यांच्याशी किल्लीवरून बोलत नव्हते. दुपारच्या जेवणापर्यंत बोलायचे नाही असे ठरवले होते.

दुसरे ठिकाण प्रवाळाच्या खडकापाशी आहे. तेथे पाणी उथळ असल्याने लाइफ जॅकेट घालून, तोंडात नळी व डोळ्यांवर चष्मा लावून आपले आपण तरंगायचे असते. बारा वाजता सगळे उतरले. मी शिडीचा दोर धरून पाच मिनिटे पाण्यात होते आणि वर आले. आल्यावर मी माझा बिल्ला फिरवायला गेले, तर डोक्याचे केस पिळेपर्यंत थांबावे असे वाटले, म्हणून थांबले आणि मग ते राहूनच गेले.

बारा चाळीसला कप्तानबाईंनी शिट्टी वाजवली. त्याच सुमारास नांगर खडकात अडकल्याने पाणबुड्या तो सोडवायला बोटीखाली गेला. सर्वांत आधी माझा भाऊ वर आला. त्याने त्याचा बिल्ला पांढरा केला. मग माझा पांढरा केला. मग माझ्या पतींचा पांढरा केला. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले, अंतर सुमारे चार फूट.

मी म्हणाले, “अरे, ज्याचा त्याने फिरवायचा असतो.”

तो म्हणाला, “येतायत ना भाऊजी मागनं. कुठं जाणारेत समुद्रात? तेवढंच त्यांचं एक काम कमी.”

मी म्हणाले, “तू म्हणजे ना.” एवढेच म्हणाले. यानंतर बिल्ला परत तांबडा करण्यास मला किती वेळ लागला असता, असे विचारल्यावरून सांगते की, एक सेकंद.

अंमलदार विचारतात की भावाने असे का केले, काही हेतू होता काय. काही हेतू नव्हता. तो हे गेली अकरा वर्षे करतो आहे. कचेरीत दहाच्या ठोक्याला मस्टर उघडते. माझा भाऊ साडेनऊला पोचतो. माझे पती पोचतात तेव्हा साडेदहा झालेले असतात, कधी पावणेअकरा. त्यांच्या नावापुढे सही दहा वाजताच झालेली असते. सहीत काही फरक दाखवता येणार नाही. मी स्वतः अनेक वर्षे ह्याला भावाचे प्रेम समजत आले व माहेरी कौतुकाने सांगत आले.

बारा पन्नासला कप्तानबाईंनी पाटी पाहिली. पाण्यात असलेल्या पाणबुड्याचा एकच बिल्ला तांबडा होता. तो वर आला, त्याने तो फिरवला. मग कप्तानबाई इंजिनापाशी गेल्या आणि तेथून त्यांनी एकेका कुटुंबाला विचारले. मला विचारले, “मॅडम, तुमचे तिघं?”

मी शिडीकडे पाठ करून बसले होते. पतींना शिडीवर दम लागतो, आणि वर आल्यावर ते तो मोठ्याने लागू देतात. त्याकडे बघायचे नाही म्हणून मी तशी बसले होते.

मी मान न वळवता म्हणाले, “आहेत.”

मी सव्वीस वर्षे पहिली ते चौथीच्या मुलांना सहलीला नेते. बसमध्ये चढताना मोजते, सुटताना मोजते, उतरताना मोजते, मुतारीच्या बाहेर उभी राहून मोजते. लोकांची सुमारे दोन हजार मुले मी नेली व तेवढीच परत आणली. काल मला तीनपर्यंत मोजायचे होते.

बोट निघाल्यावर कप्तानबाईंनी केळी वाटली, माणशी एक. आठ मोजून घेतली होती. सात वाटून झाली, हातात एक राहिले. त्यांनी विचारले, “कुणाचं राहिलं?” माझा भाऊ म्हणाला, “भाऊजींचं असेल. द्या माझ्याकडे, मी ठेवतो.” त्यांनी दिले. त्याने ते ठेवले. दहा मिनिटांनी खाल्ले.

म्हणजे कप्तानबाईंनी माणसे तीनदा मोजली. एकदा पाटीवर, एकदा तोंडी, एकदा केळ्यांवर. तिन्ही वेळा आमच्याच घरच्या माणसांनी त्यांना चुकीचे उत्तर दिले. काल लिहिलेल्या तक्रारीत “सदर महिलेने प्रवाशांची कोणतीही मोजणी न करता” असे जे वाक्य आहे, ते खोटे आहे.

दीड वाजता बोट जेट्टीला लागली. मी उतरले व चालू लागले. पंधरा-वीस पावलांवर मला चुकल्यासारखे झाले. आमची मोठी पिशवी बोटीतच राहिली होती. ती पिशवी गेली अठ्ठावीस वर्षे माझे पती उचलतात, मला वळून पाहावे लागत नाही. मी वळून पाहिले. पिशवी बाकाखाली होती. तिच्याशेजारी त्यांच्या चपला होत्या.

मी काय ओरडले ते मला आठवत नाही. कप्तानबाईंनी पाटीकडे एकदा पाहिले, माझ्याकडे एकदा पाहिले आणि बोट वळवली. कोणाला चढू दिले नाही. पाणबुड्या चालत्या बोटीत उडी मारून चढला. भाऊ माझ्याशेजारी उभा राहून म्हणत होता, “बिल्ला पांढरा होता, ताई. मी स्वतः केला होता.”

खडकामागे पतींना एक कासव दिसले होते. ते त्याच्यामागे गेले, त्यामुळे शिट्टी ऐकू आली नाही. परत फिरले तेव्हा बोट नव्हती. प्रवाहाने त्यांना दुसऱ्या अंगाला, लाटा फुटतात तिकडे, नेले. सर्फिंग शिकवणाऱ्या बाईंनी लांबून नारिंगी जॅकेट पाहिले व हाताने पाणी ओढत त्या गेल्या. त्यांनी पतींना फळीवर पालथे घातले आणि किनाऱ्याला आणले. वेळ दोन पंचवीस. पती सव्वा तासाहून अधिक एकटे पाण्यात होते. त्या बाईंनी मला सांगितले, “काका छान झोपले हो फळीवर. मंगळवारी सांगितलेलं सगळं लक्षात होतं.” पतींनी त्या सव्वा तासाबद्दल मला अजून काहीही सांगितलेले नाही. कासवाबद्दल दोनदा सांगितले.

कप्तानबाईंना निरोप पोचायला तीन पंचेचाळीस झाले. तोपर्यंत त्या व पाणबुड्या आळीपाळीने पाण्यात उतरून खडकाभोवती शोधत होते. तक्रार साडेतीन ते चारच्या दरम्यान लिहिली गेली. म्हणजे त्या माझ्या नवऱ्याला पाण्यात शोधत होत्या आणि माझा नवरा या खुर्चीवर टॉवेल गुंडाळून त्यांच्याविरुद्ध तक्रार देत होता. त्या परत आल्या तेव्हा जेट्टीवर दोन शिपाई उभे होते. त्यांचा परवाना काढून घेतला व बोट साखळीने बांधली.

तक्रार माझ्या पतींनी सांगितली, पण लिहिली भावाने, कारण पतींचे हात कापत होते. खाली साक्षीदार म्हणून माझी सही आहे. आता मी जे सांगते ते नीट लिहून घ्यावे. ती सही माझी नाही. माझ्या सहीसारखी आहे, शेवटच्या अक्षराची शेपटीही बरोबर आली आहे. पण मी त्या वेळी ठाण्यात हजर नव्हते. मी पतींचे कोरडे कपडे आणायला लॉजवर गेले होते. किल्ली मागताना लॉजच्या वहीत तीन वाजून चाळीस मिनिटांना मी सही केली आहे. ती माझी आहे. वही मागवून पाहावी. किल्लीचा विषय यासाठी हवा होता.

येथे अंमलदारांनी पेन खाली ठेवले व कालचा कागद काढून पाहिला. मग माझ्या भावाला दारातून विचारले की ही सही कोणाची. भाऊ म्हणाला, “ताईचीच. म्हणजे मी केली. ती येतच होती.”

अंमलदारांनी शिपायाला पाणी मागितले. नंतर जबाब पुढे सुरू झाला.

आज सकाळी साडेसात वाजता कप्तानबाई लॉजवर आल्या होत्या. वर आल्या नाहीत. पतींच्या चपला त्यांनी जिन्याच्या पहिल्या पायरीवर जोडीने ठेवल्या. मी खाली गेले. त्या म्हणाल्या, “बोटीत राहिल्या होत्या.” मी म्हणाले, “बसा.” त्या बसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “मॅडम, एकच विचारते. मी तुम्हाला विचारलं होतं ना?”

मी म्हणाले, “विचारलं होतं.”

त्या म्हणाल्या, “बरं. मला वाटलं, मीच विसरले की काय. पहाटेपासून तेवढंच आठवत बसले होते.” आणि गेल्या.

मी वर येऊन पतींना सांगितले की मी ठाण्यात जाते. ते म्हणाले, “बाईंनी डोकी मोजायला नकोत?” मी म्हणाले, “तुमचा बिल्ला माझ्या भावाने फिरवला.” त्यांनी मी वर आणलेल्या चपला पायात घातल्या. मग म्हणाले, “तो रोजच फिरवतो.” त्यानंतर म्हणाले, “हे बघ, चौदा महिने राहिलेत माझे निवृत्तीला. इथं त्याने फिरवला म्हटलं की तिकडं काय काय फिरवलं ते निघणार. त्या बाईंचं काय, दंड भरतील, दुसरी बोट घेतील.”

मी म्हणाले, “तुम्ही मेला असतात तर मस्टरवर किती दिवस हजर राहिला असतात?”

भाऊ दारात उभा होता. तो म्हणाला, “असं काय बोलतेस ताई,” आणि आत जाऊन माझा जबाब खिशात घालून आला.

माझ्या भावाने पतींना इजा करण्याच्या हेतूने काही केले नाही. तो काल संध्याकाळी न्हाणीघराचे दार लावून बराच वेळ आत होता. नळ चालू होता, बादली कोरडी होती. त्याच्याविरुद्ध काय करायचे ते कायद्याप्रमाणे करावे. मस्टरची गोष्ट मला विचारली म्हणून नव्हे, तर त्यावाचून बिल्ल्याची गोष्ट कोणाला खरी वाटणार नाही म्हणून सांगितली. तिचे जे व्हायचे ते होईल, त्याची मला कल्पना आहे.

कप्तानबाईंविरुद्ध माझी काही तक्रार नाही. त्यांचा परवाना आजच्या आज परत द्यावा आणि बोटीची साखळी काढावी. सतरा वर्षांत त्यांच्या पाटीवर एकही बिल्ला तांबडा राहिलेला नाही, असे पाणबुड्याने सांगितले. कालही राहिला नाही. राहायला हवा होता. तो राहिला असता तर पती दहा मिनिटांत बोटीवर असते आणि आज मी यांच्याशी किल्लीवरून भांडत असते.

दोष कोणाचा, असे शेवटी विचारल्यावरून सांगते की, बिल्ला फिरवला भावाने. त्याला तशी सवय लावली पतींनी. “आहेत” असे म्हणाले मी. मला नियम माहीत होता, मी बिल्ला फिरताना पाहिला होता आणि मला फक्त मान वळवायची होती. हे वाक्य अंमलदार गाळतो म्हणाले. गाळू नये.

एवढा माझा जबाब. तो अंमलदारांनी मला वाचून दाखवला. नंतर मी चष्मा लावून स्वतः वाचला. दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारून घेतले. तो मी सांगितला तसाच आहे. खालील सही मी माझ्या हाताने, अंमलदारांच्या देखत केली आहे. सही करण्यापूर्वी मी उठून दारापर्यंत गेले आणि बाकावर पाहिले. माझे पती व माझा भाऊ, दोघे आहेत. मोजले.